भोगवटादार

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मंडपात मांडी घातली, आजोबांची ज्ञानेश्वरी उघडली, आणि दुसऱ्या अध्यायात सातबारा निघाला.

तो दर वर्षी निघतो. पारायण संपलं की मीच तो पुन्हा त्याच पानात ठेवतो, त्यामुळे आश्चर्य वाटायचं काही कारण नाही. तलाठ्याने हाताने लिहून दिलेला जुना उतारा. घडीवर फाटून चार तुकडे व्हायच्या बेतात आलेला, मागून काकीने खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी डकवलेली. भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांचं नाव, खाली त्यांच्या धाकट्या भावाचं, आणि दोन्ही नावांभोवती कंस. ज्यांनी सातबारा कधी हातात धरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नाव कमी करायचं झालं की त्याला कंस करतात. माणूस वाचता येतो, पण धरायचा नसतो.

नवी मुंबईत घणसोली आणि कोपरखैरणे यांच्या मधलं आमचं गाव. गाव म्हणजे आता चार गल्ल्या, एक तळं, एक देऊळ आणि चारी बाजूंनी सेक्टर. मंडप देवळासमोर, मंडपाच्या पाठीला एका सोसायटीची संरक्षक भिंत, आणि भिंतीपलीकडे सकाळी सात वाजता झुंबाचा वर्ग. आमचा काकडा उरकतो तेव्हा त्यांचं सुरू होतं. दोघांचेही स्पीकर सारखेच कर्कश, म्हणून कुणी कुणाची तक्रार करत नाही.

सातबारा ज्या पानात आहे तिथे गीतेचा सदतिसावा श्लोक आहे. ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’. मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वी भोगशील, तेव्हा ऊठ. आणि जरा पुढे गेलं की, बेचाळिसाव्या श्लोकापासून, हाच कृष्ण स्वर्गाच्या मागे लागलेल्यांची खिल्ली उडवतो. त्यांची वाणी ‘पुष्पिता’, नुसती फुलांनी लगडलेली. ती माणसं ‘अविपश्चित’, म्हणजे अक्कल नसलेली. त्यांचं सगळं लक्ष भोग आणि ऐश्वर्याकडे. मध्ये जेमतेम चार श्लोक. तेवढ्यात असं काय झालं?

हा प्रश्न मी चौदा वर्षांचा असताना आजोबांना विचारला होता. त्यात जिज्ञासा थोडी आणि आगाऊपणा जास्त होता. शाळेत संस्कृत सुरू झालं होतं आणि आजोबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांचं वाचन उलट्या दिशेने आलेलं. भजनी मंडळात ओव्या आधी पाठ झाल्या, मग कुणीतरी पोथी पुढे ठेवली, आणि पाठ असलेल्या ओवीवर बोट फिरवत फिरवत त्यांनी अक्षरं ओळखून काढली. त्यामुळे वर्तमानपत्र त्यांना जड जायचं आणि ज्ञानेश्वरी घडाघडा.

ते ओटीवर पाग, म्हणजे मासे धरायचं जाळं, सांधत बसले होते. वर न बघता म्हणाले, “दोनी खरां हायत,” आणि दोरा दाताने तोडला. त्यांच्याकडून विषय संपला.

माझा संपला नाही. पुढे तर माझं पोटच कागदांवर चालायला लागलं. न्हावा-शेवाला कस्टम क्लिअरिंगच्या एका ऑफिसात मी वीस वर्षं आहे. इन्व्हॉइसमध्ये एक वजन आणि पॅकिंग लिस्टमध्ये दुसरं असलं की माल अडतो, दंड चालू होतो, पार्टीचे फोन सुरू होतात. तिथे ‘दोन्ही खरं आहे साहेब’ असं म्हणायची सोय नाही. तेव्हा हे दोन श्लोक माझ्या डोक्यात अडलेल्या कंटेनरसारखे पडून होते, आणि मी अधूनमधून जाऊन त्यांचं सील बघून यायचो.

भाष्यकारांनी हा माल सोडवलेला आहे. शंकराचार्यांनी सरळच सांगून टाकलंय की स्वधर्माचे, स्वर्गाचे, लोकलाजेचे हे श्लोक लौकिक न्यायाने आलेले आहेत, गीतेचं तात्पर्य म्हणून नव्हेत. म्हणजे व्यवहारातला माणूस समोर आहे, त्याच्याशी व्यवहाराच्या भाषेत बोलून घेतलं, आता खरं ऐका. भागवताच्या अकराव्या स्कंधात तर त्याला दाखलाच दिलाय. फलश्रुती म्हणजे परम कल्याण नव्हे. औषधाची गोडी लागावी तशी ती योजना आहे, ‘यथा भैषज्यरोचनम्’. याच स्कंधावर एकनाथांनी टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पुरी झाली, आणि तेव्हापासून मराठी कीर्तनकारांच्या तोंडी हा औषधाचा आणि गुळाचा दृष्टान्त पक्का बसलाय. गणपतीच्या स्तोत्रात विद्यार्थ्याला विद्या, धनार्थ्याला धन, पुत्रार्थ्याला पुत्र आणि मोक्षार्थ्याला गती, असं एका दमात सगळं वाटून टाकलेलं असतं ना, त्याचीही हीच संगती लावतात. आधी धनासाठी का होईना बसू दे, बसायची सवय लागली की धन विसरेल.

मला हे पटायचं, आणि पटूनही घशाखाली उतरायचं नाही. कारण मला औषधाचा अनुभव होता. पावसाळ्यात ताप आला की आजी काडेचिराईत उकळून द्यायची. त्याच्यावर गुळाचा खडा. पण तो गूळ होता. तिने हातावर ठेवलेला, चिकट, मुंग्या झटकलेला, खरा गूळ. काढा पोटात गेल्यावर तिने ‘बाळा, गूळ ही माया आहे’ असं म्हणून मूठ मिटून घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं. आश्वासन नुसतं चुचकारायला होतं, असं मागाहून सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? आणि आमच्या गावात तर हा प्रश्न पोथीतला राहिलेलाच नव्हता.

आमची जमीन खारीची. खाडीला बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, भरतीचं पाणी बाहेर आणि पावसाचं आत, असा खेळ करत भात काढायचा. बांध फुटला की खारं पाणी शेतात, मग ते मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत हात चोळत बसायचं. १७ मार्च १९७० ला नवं शहर वसवणारं महामंडळ स्थापन झालं आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींचा व्यवहार सुरू झाला. पुढचं इथल्या पोरासोरांना पाठ आहे. जानेवारी १९८४ मधलं जासईचं आंदोलन, त्यातले पाच हुतात्मे, आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील, आणि १९९० साली आलेली साडेबारा टक्क्यांची योजना, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. ‘जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’ याचा आमच्याकडचा तर्जुमा साडेबारा टक्के. आजोबांनी सातबारा नेमका त्या पानात कधी ठेवला ते मी विचारलं नाही. मुद्दाम ठेवला की हाताला आला म्हणून खुणेला घातला, हेही नाही.

मग एका वर्षी पारायणाला बसलेला असताना मला दिसलं ते वेगळंच होतं, आणि दिसल्यावर इतकी वर्षं कसं दिसलं नाही याची लाज वाटली. कृष्ण जे देऊ करतोय ते अर्जुनाने आधीच नाकारलेलं आहे! पहिल्या अध्यायात तो म्हणतो, त्रैलोक्याच्या राज्यासाठीही मी यांना मारणार नाही, मग पृथ्वीची काय कथा. दुसऱ्या अध्यायात पुन्हा: पृथ्वीचं निष्कंटक राज्य मिळो की देवांचं स्वामित्व, माझा शोक त्याने जाईल असं मला दिसत नाही. पृथ्वी नको, स्वर्ग नको, दोन्ही नावं घेऊन नको. आणि तरी कृष्ण तीच दोन ताटं पुढे सरकवतो. गुळाचा खडा थुंकून टाकलेल्या पोराला कोणती आई पुन्हा गूळच दाखवील? म्हणजे हे चुचकारणं नव्हे. बरं, सगळं तत्त्वज्ञान सांगून झालं, विश्वरूप दाखवून झालं, तरी अकराव्या अध्यायात पुन्हा ‘जित्वा शत्रून् भुङ्क्ष्व राज्यं समृद्धम्’. शत्रू जिंक आणि भरलेलं राज्य भोग. लौकिक न्याय दुसऱ्या अध्यायात संपला असेल तर तो अकराव्यात परत कशाला आला?

आणि हा शब्द बघा. भोक्ष्यसे, भुङ्क्ष्व, भोगैश्वर्य. अर्जुन म्हणतो त्यात ‘भोगान् रुधिरप्रदिग्धान्’, रक्ताने माखलेले भोग. नवव्या अध्यायात ‘ते तं भुक्त्वा स्वर्गलोकं विशालं क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. सगळा एकाच धातूचा पसारा. संस्कृतात त्याला खाणं, उपभोगणं असा बराचसा गोड अर्थ. मराठीत आल्यावर या शब्दाचं काय झालं ते आपण जाणतोच. देवाला भोग चढवतात, आणि माणसाच्या वाट्याला भोग येतात. ‘माझे भोग’ म्हणून कपाळाला हात लावणारी बाई पंचपक्वान्नांबद्दल बोलत नसते. ‘भोगलं बिचारीने’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. मग तोच शब्द महसूल खात्यात गेला आणि जमीन ज्याच्याकडे आहे तो भोगवटादार झाला. बिल्डिंग पूर्ण झाली की मिळतं ते भोगवटा प्रमाणपत्र. आम्ही शहाणी माणसं त्याला ओसी म्हणतो, म्हणून शब्द कानात शिरत नाही.

आजीच्या कानात मात्र शिरला होता. आजोबा एकदा सदतिसावा श्लोक मोठ्याने म्हणून त्याचा अर्थ सांगत होते, पृथ्वी भोगशील वगैरे, आणि ती चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाली, “भोगली ना आमी. चिखलान उभी राहून भोगली.”

त्या वेळी सगळे हसले. मीही. पण जिंकलेल्यांनी ती पृथ्वी कशी भोगली हे महाभारताच्या शेवटच्या पर्वांत वाचलं, आणि आजीचा अर्थ मला भाष्यकारांच्या अर्थापेक्षा जवळचा वाटला. युद्धानंतर छत्तीस वर्षं राज्य. एकही दिवस गांधारीसमोरून मान वर करून जाता आलं नसेल. मग यादव संपले, कृष्ण गेला, आणि पाच भाऊ वल्कलं नेसून चालू पडले. श्लोक खोटा ठरला का? अक्षर न् अक्षर खरा ठरला. पृथ्वी मिळाली, भोगली.

आणि श्लोकाचा पहिला अर्धा? तोही खरा ठरला, फक्त ज्याला सांगितला होता त्याच्या बाबतीत नाही. रणात मेला दुर्योधन. स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो, तर समोर दुर्योधन आसनावर बसलेला, सूर्यासारखा झळकत. युधिष्ठिर भडकतो. नारद त्याला सांगतो की याने क्षत्रियधर्माने युद्धात देह ठेवला, त्याचं हे फळ. म्हणजे ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्’ची डिलिव्हरी झाली, चोख झाली, घेणारा तेवढा वेगळा निघाला. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. युधिष्ठिर म्हणतो, माझे भाऊ जिथे आहेत तिथे मला न्या, हा स्वर्ग मला स्वर्ग वाटत नाही. ते भाऊ त्या घटकेला नरकात असतात. तिथे तो जातो आणि तिथेच थांबायचं म्हणतो. पुढे ती माया होती वगैरे उलगडा होतो, पण मला त्या उलगड्यात फारसा रस नाही.

तर कृष्णाच्या त्या दोन बोलण्यांत मला आता विरोध दिसत नाही, निदान पूर्वी दिसायचा तसा नाही. स्वर्ग खोटा आहे असं गीता कुठेच म्हणत नाही. नवव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की मागणाऱ्यांना तो मिळतो, ‘विशाल’ मिळतो, देवांचे भोग मिळतात. ज्ञानेश्वरांनी तर तिथे स्वर्गाचं असं वर्णन केलंय की पाम बीच रोडवरच्या होर्डिंगवाल्यांनी शिकवणी लावावी. ‘जेथ महासिद्धींचीं भांडारें । अमृताचीं कोठारें । जिये गांवीं खिल्लारें । कामधेनूंचीं’. आणि लगेच पुढे, पुण्य सरलं की काय होतं, तर गाठचा पैसा संपलेल्याला वेश्येच्या दाराला हातसुद्धा लावता येत नाही, तशी लाजिरवाणी गत. फुलांची भाषा खोटी आहे म्हणून तिच्यापासून सांभाळायचं नाही. ती खरी ठरते, आणि खरी ठरून संपते, म्हणून सांभाळायचं.

हे मी पुस्तकातून काढलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आजोबांनी हे १९९५ च्या सुमाराला सांगून टाकलं होतं, मला नव्हे, ओटीवर येऊन बसलेल्या दोन पाहुण्यांना. पाहुणे तावातावाने बोलत होते. आजोबा म्हणाले, “मोबदला मिलला नाय असा कुनी बोलू नये. मिलला. मिलला नी सरला.”

सरला तो कसा, हे आमच्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. आजोबांच्या भावाने ट्रक घेतला, तो दोन पावसाळ्यांत गंजला. तीन लग्नं झाली. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हळदीला अख्खी आळी जेवते, बँजो वाजतो, रात्रभर नाचतात. देवळाचा कळस झाला. थोडं सोनं झालं, ते पुढे दवाखान्यात गेलं. यात कुणी कुणाला फसवलं नाही. पेढीवर पुण्य जमा होतं, काढत गेलो, शिल्लक शून्य. ‘क्षीणे पुण्ये’ याला इतकं सोपं भाषांतर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

ज्ञानेश्वरांवर मात्र माझ्या घरातून एक आक्षेप आहे आणि तो नोंदवायलाच हवा. स्वर्गासाठी धर्म करणाऱ्यांना ते दुसऱ्या अध्यायात म्हणतात: ‘जैसी रांधवणी रससोय निकी । करूनियां मोलें विकी । तैसा भोगासाठीं अविवेकी । धाडिती धर्मु’. सुगरणीने उत्तम रसोई करावी आणि ती पैसे घेऊन विकून टाकावी, तसे हे लोक भोगासाठी धर्म घालवून बसतात. ओवी सुंदर आहे. पण जमीन गेल्यावर आमच्या काकीने पंचवीस वर्षं तेच केलं. एमआयडीसीतल्या कामगारांना डबे. पहाटे चारला उठून तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, श्रावणात आळूची भाजी. मी एकदा तिला ही ओवी अर्थासकट वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली, पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, “जेवान इकलां नसतां त तुजी कॉलेजची फी कुनी भरली असती, ग्यानबान?”

याला माझ्याकडे उत्तर नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला बसलेल्या, बाविशी न गाठता समाधी घेणाऱ्या मुलाला फी भरावी लागली नव्हती, हे खरं. पण त्यालाही माधुकरीचं अन्न कसं मिळतं आणि कसं मिळत नाही ते ठाऊक होतं. आणि गंमत अशी की मागणाऱ्यांना इतकं झोडपून झाल्यावर, नऊ हजारांवर ओव्या सांगून झाल्यावर, हाच मुलगा स्वतः मागायला उभा राहतो आणि काय मागतो? ‘जो जें वांच्छील तो तें लाहो । प्राणिजात’. ज्याला जे हवं ते त्याला मिळो. स्वर्ग हवा तर स्वर्ग, डबे विकून फी हवी तर फी. अट एकच: आधीच्या ओवीत खळांची व्यंकटी सांडून झालेली आहे, आधीच्या चरणात दुरिताचं तिमिर गेलेलं आहे. काकीला पसायदान पाठ आहे आणि ती ओवी ती जरा जास्तच जोराने म्हणते, असं मला वाटतं. माझा भ्रमही असेल.

आता भूखंडाचं. साडेबारा टक्के मिळाले, पण आजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. इतका उशीर का, तर कारण घरातलंच. आजोबांचं आणि त्यांच्या भावाचं नाव एकाच उताऱ्यावर, वाटणी तोंडी झालेली, वारसनोंदीत कुणाच्या बहिणींची नावं लागली, कुणाच्या राहिली, आणि मग चुलत घराने हरकत घेतली. मीही घेतली. नऊ वर्षं बेलापूर आणि ठाणे अशा फेऱ्या झाल्या. शेवटी तडजोड झाली, भूखंड विकासकाला दिला, सात मजली इमारत उभी राहिली. पाचव्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर माझा चुलत भाऊ, माझ्याच वयाचा, लहानपणी माझ्याबरोबर उघाडीत निवट्या पकडायला यायचा तो. लिफ्ट एकच. नऊ वर्षांच्या खटल्यानंतर लिफ्टमध्ये बोलायला काही शिल्लक राहत नाही. दोघंही मजल्यांचे आकडे बघतो.

खिडकीतून खाडी दिसते. हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात तेव्हा आमच्या बाल्कनीत पाहुणे येऊन फोटो काढतात. आमच्या शेताचा बांध कुठे होता ते मी त्यांना दाखवतो, म्हणजे बोट करतो. बोटाखाली एक शाळा, एक नाला आणि मॉलचं पार्किंग येतं.

पृथ्वी ज्याला देऊ केली त्याला मिळत नाही आणि त्याच्या नातवाला मिळते, हेही महाभारतात आहेच. अर्जुनाने जिंकलेलं हस्तिनापूर गेलं परिक्षिताकडे. आणि तिथे तो तक्षक येतो. कृष्ण आणि अर्जुन या दोघांनी मिळून खांडववन जाळलं तेव्हा तक्षकाचं घर त्यात गेलं, बायको गेली. तो स्वतः त्या दिवशी कुरुक्षेत्रात होता म्हणून वाचला. त्या महीला आधीचा एक भोगवटादार होता, त्याच्या नावाला कंस पडला होता. परिक्षिताला दंश झाला तो एका ऋषिपुत्राच्या शापाने, कथेत तसंच आहे. पण चावणारा तोच. शाप ऐकल्यावर राजाच्या हातात राहिले सात दिवस. ते त्याने गंगेकाठी बसून शुकाकडून भागवत ऐकण्यात घालवले. सप्ताह म्हणतात तो त्यावरून. आमच्या मंडपात दर वर्षी सात दिवस जे चालतं ते मुळात नातवाचं ऐकणं आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेले विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगत होते आणि १९५१ नंतर गावोगाव चालत जाऊन लोकांकडे जमीनच मागत होते, दुसऱ्याला द्यायला. गीता सांगणाऱ्याने शेवटी महीपाशीच यावं, यात काहीतरी असेल. असो, तो वेगळा लेख होईल.

यंदा सप्ताहाची सांगता रविवारी होती. काल्याचं कीर्तन. महाराज आळंदीहून आलेले, तरुण, आवाज खणखणीत. त्यांनी तुकोबांचा अभंग घेतला:

उपजोनियां पुढती येऊं । काला खाऊं दहींभात ॥
वैकुंठीं तों ऐसें नाहीं । कवळ कांहीं काल्याचें ॥

पुन्हा जन्म घेऊ आणि दहीभात खाऊ, वैकुंठात हा घास मिळत नाही. गीतेने ज्या परतीला ‘क्षीणे पुण्ये’ म्हणून भीती घातली, त्याच परतीचं तिकीट तुकोबा आनंदाने काढतात. मी वहीत लिहून घेतलं, हे तिसरं वाक्य पहिल्या दोन वाक्यांशी कसं जुळवायचं म्हणून. मग वही मिटली, कारण हंडी फुटली होती आणि पखवाज थांबत नव्हता.

दहीभाताची पातेली काकीच्या देखरेखीखाली. तांदूळ वाशीच्या दाणाबाजारातून आलेला कोलम, पांढराशुभ्र. काकीची दर वर्षीची तक्रार असते की खारीतल्या लाल तांदळाला काला धरायचा तसा याला धरत नाही, गोळा होत नाही, हातातून सांडतो. तिला हो म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

आमच्याकडे काल्याचा पहिला घास स्वतःच्या हाताने खात नाहीत. ‘एकमेकां देऊं मुखीं’ असं अभंगात आहे म्हणून, किंवा अभंग होण्याआधीपासून, समोर जो उभा असेल त्याच्या तोंडात घालायचा. गर्दीत रेटारेटी झाली. झुंबावाल्या सोसायटीतल्या दोन बायका लाजत लाजत आल्या होत्या, त्यांना काकी भरवत होती. मी वळलो तर समोर तिसरा मजला.

त्याच्या हातात घास तयार होता. मागे जायला जागा नव्हती, त्यालाही नव्हती. त्याने हात पुढे केला, मी तोंड उघडलं. भात खरोखरच सांडला, माझ्या शर्टावर, त्याच्या मनगटावर.

“मीठ कमी हाय ना?” तो म्हणाला.

“हाय,” मी म्हणालो, आणि माझ्या हातातला घास त्याच्या तोंडात घातला, त्यालाही कळावं म्हणून.